एन्हान्सर रिपोर्टर एका खेपेला पेटतो, दुसऱ्या खेपेला विझतो: आधी पेशींची दाटी बघा

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "मॅडम, गेल्या महिन्यात सिग्नल छान आला होता. तोच प्लाझ्मिड, त्याच पेशी, तेच किट. या वेळी काहीच नाही." ल्युसिफरेज या उजेड पाडणाऱ्या जनुकाच्या आधी एन्हान्सरचा, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएचा, तुकडा जोडलेला असतो (हाच रिपोर्टर), तो प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, एपिथेलियल (अवयवांच्या आवरणाच्या) पेशींत सोडलेला असतो (हेच ट्रान्सफेक्शन) आणि ल्युमिनोमीटरवरचा आकडा एका खेपेला रिकाम्या व्हेक्टरच्या (एन्हान्सर नसलेल्या प्लाझ्मिडच्या) आठ-दहा पट, तर पुढच्या खेपेला जेमतेम दीडपट. मग आधी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर (एन्हान्सरवर बसून जनुक चालवणाऱ्या प्रथिनावर) संशय जातो, मग प्लाझ्मिडच्या प्रेपवर, मग किटच्या तारखेवर. यात दोन-तीन महिने सहज जातात आणि एम.एस्सी.च्या मुलांकडे तेवढे महिने नसतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गोव्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत हा त्रास वर्षातून साधारण दोनदा ठरल्यासारखा यायचा: एकदा चवथीनंतर, एकदा पावसाळा नीट लागला की. बरेच दिवस आम्ही याला योगायोग समजत होतो. नोंदवह्या तारखांनुसार शेजारी शेजारी मांडल्यावर उलगडा झाला. चवथीला सगळे आपापल्या मूळ घरी जातात, कुणी पेडण्याला, कुणी सत्तरीत, कुणाचा गणपती दीड दिवसाचा तर कुणाचा पाच दिवसांचा. मागे राहिलेला एखादा जण फ्लास्कमधला मीडिया (पेशींचा पोषणद्रव) बदलतो, पण पेशी सोडवून, वाटून नव्या फ्लास्कमध्ये घालत नाही. परत आल्यावर फ्लास्क काठोकाठ भरलेला असतो, वेळ गेलेला असतो, म्हणून घाईने ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) देऊन नेहमीपेक्षा जास्त पेशी प्लेटमध्ये टाकल्या जातात. "लवकर भरेल, उद्याच ट्रान्सफेक्शन करता येईल." तिथेच प्रयोग बिघडतो. पावसाळ्यातल्या बिघाडाचं कारण वेगळं निघालं, त्याकडे पुढे येते.

आमचा एन्हान्सर स्तनाच्या एपिथेलियल पेशींमधला आहे आणि आम्ही तो एमसीएफ-10ए या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनपेशींत तपासतो. त्याच्या मधोमध दोन खुणा, म्हणजे प्रथिनं ओळखतात असे डीएनएचे अक्षरक्रम, आहेत. एक टीईएडी प्रथिनांची, जीजीएएटीजी अशी. दुसरी एपी-1 ची, टीजीएजीटीसीए अशी, जिथे फॉस आणि जून ही प्रथिनं जोडीने बसतात. टीईएडी एकटा फारसं काही करत नाही. त्याला वायएपी नावाचा जोडीदार लागतो. वायएपीला स्वतःला डीएनए धरता येत नाही, टीईएडी त्याला डीएनएपाशी उभं करतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं होतं की स्तनाच्या कर्करोगपेशींत वायएपी-टीईएडी आणि एपी-1 हे, वायएपी जिथे बसतो त्यातल्या बहुतांश एन्हान्सरांवर एकत्र बसलेले असतात आणि तिथून दूरच्या प्रमोटरांना (जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या भागांना) चालना देतात. आमच्या मुलांना मी हे माटोळीवरून, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीवरून, सांगते. चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, रानातून आणलेली फळं बांधलेली असतात, त्यातलं एखादं कमी-जास्त झालं तरी माटोळी माटोळीच असते. पण चौकट ज्या दोन दोऱ्यांवर छताला टांगलेली असते त्यातली एक सुटली की सगळंच एका बाजूला कलंडतं. या एन्हान्सरात टीईएडी आणि एपी-1 या त्या दोन दोऱ्या आहेत. बाकी खुणा म्हणजे फळं.

आता दाटीचा संबंध. एपिथेलियल पेशी एकमेकींना चिकटून थर करतात, तोच त्यांचा स्वभाव. शेजारणीशी जोड पक्का झाला की पेशीत हिप्पो नावाची संकेतसाखळी जागी होते, तिच्या टोकाला असलेली एलएटीएस1 आणि एलएटीएस2 ही एन्झाइमं वायएपीवर फॉस्फेट चढवतात. 127 व्या सेरीनवर फॉस्फेट चढलं की 14-3-3 नावाची प्रथिनं वायएपीला पेशीद्रवात अडकवून ठेवतात आणि तो केंद्रकात जाऊ शकत नाही. म्हणजे प्लेट गच्च भरली की टीईएडी खुणेवर बसलेला असला तरी हातात काही नसतं. एन्हान्सर ठीक, प्लाझ्मिड ठीक, किट ठीक, आणि आकडा पडलेला. पेशी तिचं काम बरोबर करते आहे: जागा संपली, वाढ थांबवा. आपण मात्र "या वेळी प्रयोग फसला" असं लिहून मोकळे होतो.

इथे बहुतेकांची चूक कुठे होते ते सांगते, कारण मीही हीच चूक वर्षभर केली. दाटी सगळेच लिहितात, पण ट्रान्सफेक्शनच्या वेळची. "60 टक्के भरल्यावर ट्रान्सफेक्शन केलं." चांगलं. पण ल्युसिफरेज मोजतो 24 ते 48 तासांनी, आणि या पेशी चांगल्या अवस्थेत असल्या तर दिवसाकाठी साधारण दुप्पट होतात. 60 टक्क्यांची प्लेट दुसऱ्या दिवशीच भरलेली असते आणि तिसऱ्या दिवशी घट्ट फरशीसारखी. तुमचा आकडा त्या शेवटच्या तासांची हकीकत सांगतो. म्हणून दाटी नोंदवायची ती पेशी लायसिस बफरमध्ये फोडण्याच्या क्षणाची. आता आमच्याकडे नियम आहे: लायसिसच्या आधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली, प्रत्येक गटातल्या एका विहिरीचा (प्लेटमधल्या खळग्याचा) फोटो, आणि तो फोटो नोंदवहीत त्या दिवसाच्या आकड्यांशेजारी चिकटवलेला. जुने फोटो चाळले तर आकड्यांकडे न बघता कुठला प्रयोग चालला आणि कुठला नाही हे सांगता येतं.

दाटी सरासरीने बरोबर असूनही जागोजागी चुकते. पेशी टाकून लगेच प्लेट उचलून इन्क्युबेटरमध्ये नेली की द्रव गोल फिरतो, मध्यभागी पेशींचा ढीग आणि कडेला मोकळं मैदान. मधल्या ढिगात वायएपी केंद्रकाबाहेर, कडेला आत, आणि तुम्हाला मिळते दोघांची खिचडी. प्लेट टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर खोलीच्या तापमानाला तशीच राहू द्या, मग उचला. एवढ्याने आमच्या तीन समान विहिरींमधला फरक खूप कमी झाला. 96 विहिरींच्या प्लेटमध्ये कडेच्या विहिरी बाष्पीभवनामुळे वेगळ्या वागतात, त्यात नुसतं बफर भरा.

संशय खरा आहे का हे तपासायला एक आठवडा पुरतो. 24 विहिरींची एक प्लेट घ्या. तीन दाटी ठरवा: लायसिसच्या वेळी एक विरळ, एक दोन-तृतीयांश भरलेली, एक पूर्ण भरून वर दिवसभर तशीच ठेवलेली. प्रत्येक दाटीत चार रिपोर्टर: तुमचा मूळ एन्हान्सर, टीईएडीची खूण बदललेला, एपी-1 ची खूण बदललेला, आणि 8एक्सजीटीआयआयसी हा टीईएडीच्या आठ खुणांचा तयार रिपोर्टर. जमलं तर पाचवी ओळ अशी करा की मूळ एन्हान्सरसोबत वायएपीचा 127 व्या सेरीनच्या जागी अलानिन असलेला बदललेला प्रकार दिला आहे. त्या जागेवर फॉस्फेट चढू शकत नाही, त्यामुळे तो दाटीला फारसा जुमानत नाही.

वाचायचं असं. आठ खुणांचा रिपोर्टर आणि तुमचा एन्हान्सर दोन्ही दाटीबरोबर खाली गेले आणि बदललेल्या वायएपीने तुमचा एन्हान्सर गच्च प्लेटमध्येही परत वर आणला, तर रोगनिदान झालं. पुढचं वाचायची गरज नाही, पेशी कमी टाका. आठ खुणांचा रिपोर्टर खाली गेला पण तुमचा कुठल्याच दाटीत वर आला नाही, तर अडचण तुकड्यात किंवा एपी-1 च्या बाजूला आहे. आणि आठ खुणांचा रिपोर्टरच हलला नाही, तर पेशींचीच शंका घ्या, कारण एमसीएफ-10ए दाटीला प्रतिसाद देत नसतील तर तुमच्या फ्लास्कमध्ये काय वाढतं आहे हा पहिला प्रश्न. सोबत विरळ आणि दाट अशा दोन कव्हरस्लिपांवर वायएपीचं अँटिबॉडी रंजन करा. विरळात केंद्रकं उजळ, दाटीत केंद्रकं काळी आणि भोवतीचा पेशीद्रव उजळ. हे चित्र एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की प्लेट भरताना हात आपोआप आखडता राहतो. वायएपी-टीईएडी ज्याला चालवतात त्या सीसीएन2 जनुकाच्या आरएनएचं प्रमाण क्यूपीसीआरने मोजलं तरी तेच कळतं, जुन्या शोधनिबंधांत त्याचं नाव सीटीजीएफ असं सापडेल.

आता पावसाळ्याची गोष्ट, म्हणजे दुसरी दोरी. एमसीएफ-10ए च्या मीडियात घोड्याचं सीरम 5 टक्के, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन आणि दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम ईजीएफ (पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रथिन) असतो. यातला ईजीएफ महत्त्वाचा. तो पेशीपृष्ठावरच्या ग्राहकाला जोडला की ईआरके साखळीतून फॉस आणि जूनपर्यंत निरोप जातो आणि एपी-1 तयार होतो. जून महिन्यातल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची. जनरेटरवर इन्क्युबेटर आणि खोल फ्रीझर होता, साधा फ्रीझर नव्हता. ईजीएफच्या नळ्या त्यात, त्याही दाराच्या कप्प्यात. वितळणं, गोठणं, परत वितळणं. प्रथिन हळूहळू निकामी होत गेलं आणि पेशी मरत नव्हत्या, नुसत्या मंदावल्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. टीईएडीच्या आठ खुणांचा रिपोर्टर तेव्हा ठीक चालत होता आणि आमचा एन्हान्सर मान टाकून होता, यावरून धागा लागला.

तपासणी सोपी आहे. पेशी रात्रभर ईजीएफशिवाय ठेवा, मग जुन्या नळीतला ईजीएफ एका विहिरीत, नव्या नळीतला दुसऱ्या विहिरीत, दहा मिनिटांनी फोडा आणि फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट चढून जाग्या झालेल्या ईआरकेचा, ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) लावा. जुन्याची पट्टी फिकी आली तर नळी टाकून द्या, जपून ठेवू नका. ईजीएफ अगदी छोट्या हिश्श्यांत गोठवा, एकदा वितळलेला परत गोठवू नका, नळीवर तारीख घाला. आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका, तो लाईट असतानाही तापमान वर-खाली करत असतो.

एपी-1 बाबत आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. ताजा मीडिया घातला की सीरम आणि ईजीएफच्या धक्क्याने फॉसचा आरएनए अर्ध्या-एक तासात शिखर गाठतो आणि लगेच ओसरतो. त्याचे पडसाद रिपोर्टरवर पुढे काही तास उमटतात. एका खेपेला मीडिया लायसिसच्या चार तास आधी बदलला आणि दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी, तर हे दोन वेगळे प्रयोग आहेत. वेळ ठरवा, लिहा, पाळा. सकाळची कदंबा बस चुकली आणि मीडिया दोन तास उशिरा बदलला असेल तर लायसिसही दोन तास पुढे ढकला.

हे दोन्ही तपासून झालं आणि तरी रिपोर्टर सपाट असेल, तर तुकड्याकडे या. एन्हान्सर निवडताना बहुतेक जण एच3के27एसी, म्हणजे हिस्टोन 3 च्या 27 व्या लायसीनवरच्या अ‍ॅसिटिल खुणेचं शिखर बघतात आणि तोच भाग क्लोन करतात. यात एक खोच आहे. ही खूण हिस्टोनवर असते, म्हणजे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर, न्यूक्लिओसोम (अशी एक गुंडाळी) असलेल्या जागी. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बसतो ती जागा न्यूक्लिओसोम हटलेली असते, त्यामुळे ती दोन शिखरांच्या मधल्या दरीत सापडते. शिखर कापून आणलं तर खांदा हातात येतो आणि फॅक्टरांच्या खुणा मागे जीनोममध्येच राहतात. माझ्या पाहण्यातले निदान तीन "मृत" एन्हान्सर असे होते. एटॅक-सीक्वेन्सिंगचं (उघडा डीएनए शोधणाऱ्या पद्धतीचं) शिखर बघा, ते दरीवर येतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीनशे अक्षरं जास्त घ्या.

याहून अवघड प्रसंग म्हणजे तुमचा फॅक्टर पायोनियर असणं. एपिथेलियल पेशींत असे बरेच आहेत: जीआरएचएल2, त्वचेच्या पेशींत पी63, स्तनाच्या पेशींत फॉक्सए1. यांचं मुख्य काम न्यूक्लिओसोमने झाकलेला डीएनए धरून तो भाग उघडा करणं. पाठोपाठ क्रोमॅटिन (हिस्टोनांवर बांधलेला डीएनए) सरकवणारी यंत्रणा येते, पी300 येऊन हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवतो, मीडिएटर या प्रथिनसमूहामार्फत प्रमोटरवरच्या आरएनए पॉलिमरेजपर्यंत निरोप जातो. तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनमधल्या प्लाझ्मिडवर गुणसूत्रासारखं नीट बांधलेलं क्रोमॅटिन नसतं. दार उघडणं हेच ज्याचं कौशल्य, त्याला आपण दार नसलेल्या घरात नेऊन उभं करतो आणि म्हणतो हा काही करत नाही. शिवाय उघडणं आणि चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळमाशीतला ग्रेनीहेड, म्हणजे जीआरएचएल2 चा नातलग, एपिथेलियल एन्हान्सर उघडे करतो हे 2018 मध्ये दाखवलं गेलं, पण त्यातले अनेक उघडूनही स्वस्थ राहतात, पुढचा फॅक्टर येईपर्यंत. तेव्हा पायोनियरसाठी रिपोर्टर लेंटिव्हायरसने (आपला डीएनए गुणसूत्रात घुसवणाऱ्या विषाणूने) गुणसूत्रात बसवा आणि सोबत कुठला दुसरा फॅक्टर लागतो ते शोधा. नुसता जीआरएचएल2 जास्त देऊन वाट बघत बसू नका.

जास्त देण्यावरून आठवलं. सिग्नल येत नाही म्हटल्यावर फॅक्टरचा प्लाझ्मिड दुप्पट करणं ही सगळ्यांची पहिली हालचाल असते, आणि पुष्कळदा त्याने सिग्नल आणखी पडतो. पी300 सारखे सहायक पेशीत मोजकेच असतात. डीएनएवर न बसलेला जादा फॅक्टर त्यांना बाहेरच धरून ठेवतो आणि एन्हान्सरवर कुणी उरत नाही. चढत्या क्रमाने चार-पाच मात्रा लावा, एकूण डीएनए रिकाम्या व्हेक्टरने सारखा करा. मधेच शिखर येऊन पुढे उतार लागला तर हेच घडतं आहे.

रेनिला कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी सोबत दिलेल्या दुसऱ्या ल्युसिफरेजवर, आंधळा विश्वास नको. गुणोत्तर काढण्याआधी फायरफ्लाय (मुख्य रिपोर्टरचं ल्युसिफरेज) आणि रेनिलाचे मूळ आकडे वेगळे बघा. तुम्ही दिलेला फॅक्टर रेनिलाच्या प्रमोटरलाही चेतवत असेल तर भाजक वाढतो आणि खराखुरा परिणाम गुणोत्तरात दिसेनासा होतो. आणि किट फ्रीझरमधून काढून थंडच वापरू नका, फायरफ्लायचं ल्युसिफरेज तापमानाला हळवं आहे. एसी खोलीतला अभिकारक आणि बाहेरून आणलेली प्लेट दोन्ही एका तापमानाला येऊ द्या.

मायकोप्लाझ्मा (पेशींत गुपचूप शिरणारे बारीक जिवाणू) महिन्याला एकदा पीसीआरने तपासा, यावर चर्चा नको. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडेही दर आठवड्याला लक्ष हवं, बुरशी तिथूनच सुरू होते.

एक कमी माहीत असलेलं कारण सांगून ठेवते, कारण ते आमच्या शेजारच्या गटाला हीला या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या पेशींत भोवलं. बाहेरून आलेला डीएनए पेशीद्रवात दिसला की काही पेशी विषाणू आल्यासारख्या वागतात, इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी बचावाची) साखळी पेटते आणि ज्या एन्हान्सरांत त्या साखळीच्या खुणा आहेत ते फसवे उजळतात. 2018 मध्ये व्हिएन्नातल्या गटाने हे दाखवलं, आणि त्याच कामात हेही दाखवलं की प्लाझ्मिडमधली जिवाणूंची ओआरआय जागा (जिथून त्याची प्रत काढायला सुरुवात होते) स्वतःच प्रमोटरसारखी वागू शकते. त्यांनी या साखळीतली टीबीके1 आणि पीकेआर ही एन्झाइमं रोखणारी रसायनं देऊन हा गोंधळ शमवला. रिकाम्या व्हेक्टरचा आकडा पेशीपरत्वे फार वर-खाली होत असेल तर हे मनात ठेवा.

विद्यार्थ्यांना माझ्याकडून कायम एक प्रश्न येतो: तुमच्या मनात कुठला एन्हान्सर आदर्श म्हणून बसला आहे? पुस्तकात पहिला भेटतो तो एसव्ही40 विषाणूचा, 1981 मध्ये त्याने हीला पेशींत सशाच्या बीटा-ग्लोबिन जनुकाचं काम सुमारे दोनशे पटींनी वाढवलं होतं, कुठल्याही दिशेने, दूर ठेवूनही. तो विषाणूचा आहे, मिळेल त्या पेशीत चालणं ही त्याची गरज. एपिथेलियल पेशीचा स्वतःचा एन्हान्सर शेजारीण कोण, जागा किती, वाढीचा निरोप आला का, हे विचारून मगच बोलतो. त्याच्याकडून दोन-चार पट बदल आला आणि तो तीन स्वतंत्र खेपांना आला, तर तो चांगला निकाल आहे. शंका उरलीच तर जीनोममधल्या मूळ जागेवर डीकॅस9-क्रॅब (डीएनए न कापता ठरवलेल्या जागी बसून ती बंद करणारं प्रथिन) नेऊन तो एन्हान्सर गप्प करा आणि शेजारचं जनुक पडतं का ते मोजा. प्लाझ्मिडपेक्षा मी त्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवते.

आणि चवथीचं म्हणाल तर आम्ही आता आधीच्या आठवड्यातच सगळ्या पेशी गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो, फ्लास्क मागे ठेवत नाही. परत आल्यावर नवी नळी काढायची, दोन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये वाटणं) शांतपणे होऊ द्यायचे, मग प्लेट लावायची. यात दहा-बारा दिवस जातात. प्लेट लावताना पेशी मोजणीच्या काचेवर मोजूनच टाकायच्या, 24 विहिरींच्या प्लेटला आमच्याकडे 25 हजार, आणि लायसिसला तळ निदान एक-तृतीयांश मोकळा दिसला पाहिजे. तुमच्या पेशींचा आकडा वेगळा निघेल, तो पहिल्या आठवड्याच्या तीन दाटींच्या प्रयोगातून काढा आणि इन्क्युबेटरच्या दारावर लिहून चिकटवा.